हीटचा रिपोर्ट आहे, रक्ताचा कुठाय?

प्रति,
शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल पंचतारांकित वसाहतीतले फौंड्रीमालक, गनमेटल-पितळेचं ओतकाम करणारे आणि वर्कशॉप चालवणारे सर्वजण

विषय : कामगारांच्या रक्तातलं शिसं आणि भट्टीजवळच्या हवेतलं मँगनीज मोजण्याबाबत

स. न. वि. वि.

आपल्याकडं हीट, म्हणजे भट्टीतला एका वेळचा रस, तयार झाली की थोडा धातू काढून कॉइन, म्हणजे नाण्यासारखी चकती, ओततात, घासतात आणि स्पेक्ट्रोमीटरवर ठिणगी मारतात. मिनिटभरात पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस येतं. खाली कुठंतरी शिसंही येतं, टक्क्याच्या हजाराव्या भागापर्यंत. शिशाचा आकडा जरा वर दिसला की मेल्टरचा हात थांबतो. कारण आपल्याला पक्कं ठाऊक आहे : ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे साध्या बिडात, इतकंसं शिसं आलं तरी ग्रॅफाइटला काटे फुटतात आणि कास्टिंगची ताकद उतरते. एसजी आयर्नमध्ये तर मॅग्नेशियम घालून घडवलेले ग्रॅफाइटचे गोळेच बिघडतात. मग हे शिसं कुठल्या भंगारातून आलं याचा तपास लागतो आणि भंगारवाल्याला फोन जातो.

ते भंगार ज्यानं हातानं उचलून भट्टीत टाकलं, त्याच्या रक्तात शिसं किती, हा आकडा आपल्यापैकी किती जणांच्या फायलीत आहे?

मी उद्यमनगराच्या कडेला जनरल प्रॅक्टिस करतो. आपले मोल्डर, मेल्टर, कास्टिंग घासून साफ करणारे फेटलिंगवाले, वेल्डर, साच्याचे गाभे बनवणाऱ्या कोअर शॉपमधल्या बाया माझ्याकडं येतात. आपल्याकडं पगार झाला की माझी उधारी वसूल होते, तेव्हा हे पत्र भांडणाचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पेपरात फोटो यावा म्हणूनही लिहीत नाही. येणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या : पोटात कळ येते, शौचाला साफ होत नाही, डोकं धरतं, झोप लागत नाही, हातातली पकड सैल पडलीय. बायको सोबत असली तर ती हळूच सांगते, “हल्ली बारीकसारीक गोष्टीवरून भडकतात, पूर्वी असे नव्हते.” आम्ही डॉक्टर मंडळी याला ॲसिडिटी म्हणतो, टेन्शन म्हणतो, बी.पी. बघतो आणि गोळी देतो. यातल्या प्रत्येकाला शिसं बाधलंय, असं माझं म्हणणं नाही. मोजल्याशिवाय कुणाला काय म्हणता येणार? माझं म्हणणं एवढंच आहे की आपण मोजतच नाही. आणि न मोजणं एवढं महाग का पडतं, हे समजायचं असेल तर थोडं मेंदूत शिरावं लागेल. पत्र लांबेल, पण वाचा.

मेंदू म्हटलं की सगळ्यांना चेतापेशी आठवतात. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८६ अब्ज आहेत. जवळजवळ तेवढ्याच संख्येनं दुसऱ्या पेशी आहेत, ज्यांना ग्लिया किंवा आधारपेशी म्हणतात. आम्ही शिकत होतो तेव्हा या पेशींना पुस्तकात जेमतेम पानभर जागा होती. चेतापेशींना जागच्या जागी धरून ठेवायचं, एवढंच त्यांचं काम, असं सांगून सर पुढं जायचे. आता ते चित्र पार बदललंय. यातल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी एका टोकानं रक्तवाहिनीला बिलगून असतात आणि दुसऱ्या टोकानं चेतापेशींच्या सांध्याला. रक्तातून मेंदूत काय शिरतं, त्याची पहिली गाठ यांच्याशी पडते. मायक्रोग्लिया या मेंदूच्या संरक्षक पेशी. तिसऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट. चेतातंतूंवर मायलिनचं आवरण चढवायचं काम त्यांचं, आणि लहान मुलांमध्ये ते काम जोरात चालू असतं.

ॲस्ट्रोसाइटचं एक काम जरा तपशिलात सांगतो, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथं आहे. एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो बहुतेक वेळा ग्लुटामेट नावाच्या रसायनानं. निरोप पोचला की ते ग्लुटामेट तिथून ताबडतोब उचलावं लागतं. तसंच पडून राहिलं तर पुढची पेशी उत्तेजित होत होत शेवटी मरते. हे उचलायचं काम ॲस्ट्रोसाइट करतात. उचललेल्या ग्लुटामेटचं त्या ग्लुटामीन करतात, जे निरुपद्रवी असतं, आणि चेतापेशीला परत देतात. हा बदल घडवणारं एन्झाइम चालतं मँगनीजवर. मेंदूतल्या मँगनीजचा मोठा हिस्सा याच एका एन्झाइममध्ये गुंतलेला असतो.

तेव्हा मँगनीज हे मुळात विष नाही, ते शरीराला लागतं. भानगड प्रमाणाची आहे, आणि प्रमाणाची गोष्ट आपल्याला मी काय सांगणार? लोखंडात मँगनीज किती हवं, तर सल्फरच्या १.७ पट अधिक ०.३ टक्के, हा हिशेब आपल्या मेल्टरला झोपेत विचारला तरी सांगेल. ॲस्ट्रोसाइटना मँगनीज हवं असतं, म्हणून ते ओढून घ्यायची सोय त्यांच्यात असते. फेरोमँगनीज टाकताना उठणारा धूर, वेल्डिंगचा धूर, मँगनीज स्टीलवर ग्राइंडिंग करताना उडणारी धूळ छातीत जात राहिली की तेही याच सोयीनं आत भरतं, आणि चेतापेशींपेक्षा कितीतरी जास्त भरतं. तिथं ते मायटोकॉन्ड्रियात साचतं, पेशीला ऊर्जा कमी पडू लागते आणि ग्लुटामेट उचलणारी प्रथिनं घटतात. शेजारच्या मायक्रोग्लिया बिथरतात, दाह वाढवणारी रसायनं सोडतात आणि त्यांनी बिथरलेल्या ॲस्ट्रोसाइट आणखी निकामी होतात. चेतापेशीवर धातूचा थेट घावही बसतो, नाही असं नाही. पण तिला सांभाळणारीच खचली की तिचं मरण आणखी जवळ येतं.

मँगनीज साचतं ते मुख्यतः हालचालीवर ताबा ठेवणाऱ्या, मेंदूच्या खोल भागात. १८३७ साली ग्लासगोजवळच्या ब्लीचिंग पावडरीच्या कारखान्यात मँगनीजचं खनिज दळणाऱ्या कामगारांचं वर्णन कूपर नावाच्या डॉक्टरनं लिहून ठेवलंय : पायांतली ताकद गेलेली, चाल अडखळणारी, आवाज पुटपुटल्यासारखा, चेहऱ्यावर भाव नाहीत. पुढं अशा रुग्णांच्या चवड्यावर चालण्याचीही नोंद झाली. मागं चालायला सांगितलं की हे लोक पडतात. हे सगळं पार्किन्सनसारखं दिसतं, पण पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधाला म्हणावी तशी दाद देत नाही. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे हे, नवं काही नाही. नवं एवढंच की हा आजार कुठल्या पेशींच्या वाटेनं येतो ते आता बरंचसं कळलंय.

शिशाची तऱ्हा वेगळी. शिसं शरीराला कशासाठीच लागत नाही. ते कॅल्शियमचं सोंग घेऊन आत घुसतं आणि कॅल्शियमच्या जागा अडवतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या ॲस्ट्रोसाइट शिशाच्या सान्निध्यात ठेवल्या तर त्या ते शोषून आत कोंडून ठेवतात, जणू काही चेतापेशींपर्यंत जाऊ द्यायचं नाही. काही काळ हे जमतंही. पण चेतापेशींना संरक्षण देणारं ग्लुटाथायोन याच पेशी पुरवतात, आणि शिसं नेमकं त्याच्या गंधकाला चिकटतं. शिवाय शिशामुळं ऑलिगोडेंड्रोसाइट पक्व व्हायला उशीर लागतो. मोठ्या माणसात हे एक वेळ निभावून जाईल, वाढत्या मुलात नाही.

पाऱ्याचंही असंच आहे. जपानच्या मिनामाता इथं १९५६ साली उघडकीला आलेल्या मिथाइल पाऱ्याच्या विषबाधेनं जगाला हादरवलं. तो पाराही ॲस्ट्रोसाइटचं ग्लुटामेट उचलणं बंद पाडतो. पण आपल्या शेडमध्ये पारा सहसा नसतो, म्हणून तो विषय इथंच सोडतो. कॅडमियमचंही तसंच. ‘केडीएम’, म्हणजे कॅडमियमच्या झाळीनं जोडलेलं सोनं, हे गुजरीतल्या, आपल्या सराफ गल्लीतल्या, गिऱ्हाइकाला शुद्धतेचं नाव वाटायचं, आणि झाळ लावणारा कारागीर कॅडमियमचा धूर हुंगायचा. गुजरी आणि हुपरीच्या कारागिरांसाठी निराळं पत्र लिहावं लागेल.

आता मुद्द्यावर येतो. “आमची पोरं बघा की, ठणठणीत आहेत. सकाळी तालमीत जोर मारतात, दुपारी शिफ्ट करतात,” असं मला एका मालकांनी ऐकवलं होतं. खोटं नव्हतं ते. पण आपल्याच इंडक्शन भट्टीचं अस्तर आठवा. हीटमागून हीट ते झिजतं. बाहेरून भट्टी पहिल्या दिवसासारखीच दिसते. अस्तर पातळ झालं म्हणून लोखंड वितळायचं थांबत नाही, उलट लवकर वितळतं! नवख्याला वाटेल, वा, भट्टी सुधारली. आपल्याला ठाऊक असतं की आता धातू अस्तराबाहेरच्या विजेच्या कॉइलकडं सरकतोय. म्हणून तर आधीच इशारा देणारा ग्राउंड लीकेज डिटेक्टर लावलेला असतो. भट्टी फुटायची वाट कुणी बघत नाही. ॲस्ट्रोसाइट धातू पोटात घेऊन चेतापेशींना सांभाळत असतात तो काळ म्हणजे कामगार ‘ठणठणीत’ असण्याचा काळ. महिने जातात, वर्षं जातात. हात थरथरायला लागला, स्मरण दगा द्यायला लागलं, तोवर अस्तर संपलेलं असतं. तिथून पुढं माझ्याकडं फार काही उरत नाही.

हे मी घाबरवायला म्हणत नाही. शिसं रक्तातून काढायची औषधं आहेत, आणि आकडा फार चढला तर ती जीव वाचवतात. पण अमेरिकेत ७८० लहान मुलांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २००१ साली आला : औषधानं मुलांच्या रक्तातलं शिसं उतरलं, बुद्धीच्या चाचण्यांतले गुण मात्र सुधारले नाहीत. रक्त धुता येतं, पण मेंदूत झालेलं नुकसान तसं धुता येत नाही. म्हणून मोजायचं ते आधी.

उद्यमनगरातल्या एका गनमेटलच्या शेडमध्ये एका पेशंटला भेटायला गेलो होतो. शेड कुणाची, ते सांगणार नाही. अशा शेड गल्लोगल्ली आहेत. ८५-५-५-५ चे बुश चालले होते, म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथिल, जस्त, शिसं पाच-पाच टक्के. जमिनीतल्या भट्टीत मूस लालभडक. शेवटी जस्त टाकलं तसा पांढरा धूर उसळला आणि सगळे दोन पावलं मागं सरले. जस्ताच्या धुरानं संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, हे त्यांना अनुभवानं माहीत आहे. मग शिशाची कांडी पडली, आणि कुणी हललं नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं. हजाराच्या वर तापलेल्या रसात ते पडलं की त्याची वाफ उठणारच. ती त्या पांढऱ्या धुरासारखी डोळ्यांत भरत नाही, नाकाला झोंबत नाही, त्या दिवशी खोकलाही आणत नाही. मूस उचलणाऱ्यानं तोंडाला रुमाल बांधला होता. धुराचे कण मायक्रॉनहून बारीक, रुमालाची वीण त्याच्या कितीतरी पट मोठी. ओतून झाल्यावर त्यानं रुमाल सोडला, त्याच हातानं पिशवी काढली, तळहातावर तंबाखू-चुना मळला, दोनदा थाप मारली आणि चिमूट ओठाखाली धरली. नंतर कोअरच्या बाकावर डबे उघडले : भाकरी, खर्डा, बुक्कीनं फोडलेला कांदा. मलाही आग्रह झाला. हात धुवायला नळ होता, साबण नव्हता.

पुढची गोष्ट शेडच्या बाहेरची. तेच कपडे अंगावर घेऊन गडी घरी जातो. दारातच पोरगं येऊन मिठी मारतं, त्याला मोटारसायकलवर पुढं बसवून कोपऱ्यापर्यंत एक फेरी होते. कपडे बायको झटकते, बादलीत भिजवते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं. अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त, कारण लोहाच्याच वाटेनं शिसं आणि मँगनीज आत जातात. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि त्याहून अधिक प्रमाणात लहान मुलं रक्तक्षयी आहेत, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं सांगितलंच आहे. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडांत गेलेलं दशकानुदशकं बसून राहतं. गरोदरपणात बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम सुटतं, तेव्हा हेही सुटतं आणि वारेतून बाळापर्यंत जातं. आपल्या कोअर शॉपमध्ये बाया आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आकडेही देतो, कारण आपण आकड्यांची माणसं. मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागं ५ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं की ते कुठून येतंय हे शोधून बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही, हेही तीच सांगते. २०२० साली युनिसेफनं काढलेल्या अहवालात या पातळीच्या वरची मुलं जगात ८० कोटींपर्यंत आणि त्यातली भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी, असा अंदाज होता. २००५ मध्ये सात ठिकाणच्या अभ्यासांची माहिती एकत्र करून बघितली, तर रक्तातलं शिसं २.४ वरून १० मायक्रोग्रॅमवर गेल्यानं बुद्ध्यांक सुमारे ३.९ गुणांनी उतरलेला दिसला. त्याच्या पुढच्या वाढीनं उतार एवढा तीव्र नव्हता. म्हणजे पहिल्या थोड्याशा शिशानंच जास्त नुकसान होतं. ‘थोडंफार चालतंय की’ हे आपलं आवडतं वाक्य इथं लागू पडत नाही.

ग्रे आयर्नवाले म्हणतील, आमच्याकडं शिसं कुठून येणार? आपल्या आवारातल्या भंगाराच्या ढिगाकडं जरा बघा. जुन्या रंगाचे पत्रे, गॅल्व्हनाइज्ड पाइपचे तुकडे, सीएनसीवाल्यांकडून आलेलं टर्निंग-बोरिंग, म्हणजे कातकामाचा चुरा. ईएन वन ए लेडेड या जातीच्या पोलादी बारमध्ये ०.१५ ते ०.३५ टक्के शिसं मुद्दाम घातलेलं असतं, टूल छान चालावं म्हणून. ते टर्निंग भट्टीत पडलं की त्यातलं बरंच शिसं धुरावाटे निघून जातं. कॉइनमध्ये दिसत नाही म्हणून आपण निश्चिंत. कॉइनमध्ये नाही तर गेलं कुठं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

आणि गुळाबद्दल. कोल्हापुरात राहून गुळाविरुद्ध बोलणं म्हणजे अंगावर घेणं, पण बोलतो. शिफ्ट संपली की हातावर गुळाचा खडा ठेवायची पद्धत कित्येक शेडमध्ये आहे. काही ठिकाणी दूधही देतात. द्या, जरूर द्या, गड्याच्या अंगाला लागेल. दुधातल्या कॅल्शियमनं पोटातून शोषलं जाणारं शिसं थोडं कमीही होत असेल. पण छातीतून थेट रक्तात उतरलेल्या शिशावर ना गूळ चालतो, ना दूध. गूळ दिला म्हणजे आपली जबाबदारी फिटली, एवढं मात्र मनातून काढून टाका.

कायद्याचं थोडक्यात. शिशाची आणि मँगनीजची विषबाधा १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनच अधिसूचित आजारांत आहे. असा रुग्ण दिसला तर कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवायचं बंधन मालकावर आहे, तसंच माझ्यासारख्या डॉक्टरवरही आहे. पण रिपोर्टच नसेल तर कळवणार काय, कपाळ? त्या कायद्याच्या परिशिष्टात हवेतल्या शिशाची मर्यादा घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम दिलेली होती. अमेरिकेनं १९७८ सालीच ती ०.०५ वर आणली. उद्यमनगरातल्या बऱ्याच छोट्या शेड तर कामगारसंख्येमुळं कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत. म्हणून मी निरीक्षकांना पत्र न लिहिता आपल्याला लिहितोय.

मागणी काय, ती सांगतो. गनमेटल, पितळ, शिसं, बॅटरीच्या प्लेटा, लेडेड बार यांच्याशी ज्याचा संबंध येतो, त्याची रक्तातल्या शिशाची तपासणी वर्षातून दोनदा व्हावी. कायम असो, कंत्राटी असो, बिहार-ओडिशातून चार महिन्यांसाठी आलेला असो. कंत्राटदाराचा माणूस म्हणून हात झटकू नका. धूर मस्टर बघून छातीत जात नाही. मँगनीजचं रक्त तपासून फारसं कळत नाही, तो आकडा फक्त अलीकडच्या दिवसांचा असतो. तिथं हवा मोजावी लागते, गड्याच्या कॉलरला छोटा पंप लावून, पूर्ण शिफ्टभर. एकेकट्याला परवडत नसेल तर चार-सहा जणांनी मिळून करा. भट्टीच्या तोंडाशी आणि वेल्डिंगच्या बाकाशी धूर ओढणारं हूड आणि डक्ट हवं. पेडेस्टल फॅननं धूर फक्त शेजारच्याच्या तोंडावर जातो. रुमालाऐवजी पी १०० फिल्टरचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क द्या. दाढी वाढलेली असली की तो नीट बसत नाही, हेही सांगा. कामाचे कपडे कामावरच राहावेत, तिथंच धुतले जावेत, अंघोळ करून माणूस घरी जावा. जेवायची जागा भट्टीपासून लांब असावी. आणि साबण! चाळीस लाखांच्या स्पेक्ट्रोमीटरशेजारी दहा रुपयांचा साबण नसणं मला अजून कळलेलं नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी ठेवलीय. ज्या पेशंटला भेटायला मी त्या शेडमध्ये गेलो होतो, त्याला मी ही तपासणी करायला सांगितली होती. तो म्हणाला, “डॉक्टर, रिपोर्ट वाईट आला तर मालक ठेवतील का? मग नकोच ते.” गेला, आणि पुन्हा आला नाही, म्हणून मी त्याच्या मागं तिथवर गेलो. तिथंही तो हसला आणि विषय बदलला. आता हा माणूस अडाणी नाही. त्यानं साधा हिशेब केलाय. तेव्हा आपण मालकांनी आधी एक गोष्ट लेखी, मराठीत आणि हिंदीत, पंचिंग मशीनच्या वर चिकटवावी : रक्ताच्या आकड्यावरून कुणाला काढलं जाणार नाही, पगार कापला जाणार नाही, आकडा चढला तर तो उतरेपर्यंत त्याच पगारावर पॅकिंगला, डिस्पॅचला, स्टोअरला काम दिलं जाईल. अमेरिकेत ठरावीक पातळीच्या वर कामगाराला पगार न तोडता शिशापासून दूर ठेवायचा नियम कित्येक वर्षं आहे. तपासणीचा कागद आधी कामगाराच्या हातात, मग आपल्या फायलीत. एवढं झालं नाही तर पुढचं काही होणार नाही. माणसं रक्तच देणार नाहीत.

आपल्यातले बरेच जण आज युरोपला कास्टिंग पाठवतात. तिकडचा गिऱ्हाईक स्टीलमध्ये, तांब्याच्या मिश्रधातूत शिसं किती, याचं प्रमाणपत्र मागतो आणि आपण ते तासाभरात मेल करतो. ते ज्यांनी ओतलं त्यांच्याबद्दलही तो एक दिवस विचारणार आहे. त्याच्या ऑडिटपर्यंत थांबायचं का, ते आपण ठरवा.

माझ्याकडून जे होण्यासारखं आहे ते सांगतो. खंडेनवमीला आपल्याकडं सगळी मशीनं पुसून, हार घालून उभी असतात आणि सगळे कामगार एका जागी सापडतात. त्या दिवशी किंवा कुठल्याही साप्ताहिक सुट्टीला, ज्या शेडमधून निरोप येईल तिथं मी आणि माझ्या ओळखीचे दोन टेक्निशियन येऊन रक्त घेऊ. आमच्या वेळेचे पैसे नकोत, लॅबचं बिल मात्र आपण भरायचं. नमुना बाहेरगावच्या मोठ्या लॅबला पाठवावा लागतो, म्हणून त्याची ट्यूब आधी मागवून ठेवावी लागेल. शिशाच्या तपासणीला धातूविरहित, गडद निळ्या झाकणाची ट्यूब लागते, साधी चालत नाही. उपाशीपोटी यायची गरज नाही. रक्त भट्टीच्या शेडमध्ये घेणार नाही, ऑफिसात किंवा बाहेर मांडव घालून घेऊ, कारण कातडीवरचं, हवेतलं शिसं नमुन्यात मिसळलं तर आकडा खोटा चढतो. त्याच कारणासाठी प्रत्येकानं आधी कोपरापर्यंत दोनदा साबण लावून हात धुवायचे आहेत. तेवढा साबण आपण आणून ठेवावा.

आपला,
उद्यमनगराच्या कडेचा एक डॉक्टर
कोल्हापूर